गोजरबाईचा डावा हात

गोजरबाई खापरापुढं ज्यानं बघितली नाही, त्यानं गोजरबाई बघितली असं म्हणूच नये. एरवी ती म्हणजे पडेगावच्या रस्त्यानं पिशवी हलवत चाललेली एक बुटकी, गोलमटोल म्हातारी. सुपारीएवढा अंबाडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि चालता चालता स्वतःशीच चाललेलं भांडण. पण चुलीवर पालथं घातलेलं खापर तापलं, पदर कमरेला खोचला, चोळीच्या बाह्या वर सरकल्या, की बाई हलकी व्हायची. पुरण भरलेला गोळा तळव्यावर यायचा, पटपट करत या हातावरून त्या हातावर जायचा, मनगटावरून कोपराकडं पळायचा आणि कोपराला शिवून परत यायचा. बशीएवढी पोळी ताटाएवढी व्हायची, ताटाएवढी सुपाएवढी. आणि पातळ इतकी की तिच्यातून पलीकडच्या माणसाच्या मिशा दिसाव्यात. मग एक झटका! झोपलेल्या लेकरावर पांघरूण टाकावं तशी पोळी खापरावर. एक सुरकुती नाही.

"हात हायेत का पाळणा हाय," असं बाया म्हणायच्या.

माहेर तिचं कन्नडच्या घाटाच्या तोंडाशी. खाली खानदेश, वर मराठवाडा. म्हणून जीभ मराठवाड्याची आणि हात खानदेशाचा, असा जोड तिच्यात जमून आला होता. बाहत्तरच्या दुष्काळात, अंगाची हळद उतरली नव्हती तेव्हा, नवऱ्याच्या मागं ती या शहरात खडी फोडायला आली. लोकांनी येताना भांडी आणली, बिछाने आणले, कुणी शेळी आणली. हिनं डोक्यावर खापर आणलं. तेव्हा शहर छावणीपाशी संपायचं आणि पडेगाव हे दौलताबादच्या वाटेवरचं खेडं होतं. मग वाळूजला कारखाने आले, कारखान्यांमागं माणसं आली, माणसांमागं त्यांच्या बायका, आणि बायकांमागं गॅसच्या शेगड्या. गॅसवर खापर बसत नाही. झालं, गोजरबाईचं नशीब तिथंच उघडलं. लग्न असो, बारसं असो, साहेबाचा निरोप समारंभ असो, "गोजरबाईला सांगा" हे ठरलेलं.

तिच्या कामाचे कायदे दोन. पहिला म्हणजे एकदा खापरापुढं बसलं की पंगत उठेस्तोवर उठायचं नाही. "मधीच उठलं का खापर रुसतं. मंग टाकलेली पोळी चिकटती, सुटता सुटत नाय." दुसरा म्हणजे कणकेला गड्याचा हात लावायचा नाही. "गड्याचा हात लागला का कणीक बिचकती." हा दुसरा कायदा खास बद्रीनाथसाठी. बद्रीनाथ म्हणजे तिचा नवरा. उंच, वाळका, बाभळीच्या फोकासारखा माणूस. सरपण फोडायचं, जाळ सारायचा, खापर गोणपाटात गुंडाळून न्यायचं-आणायचं, आणि बायको ओरडली की "बरं" म्हणायचं, एवढाच त्याचा जनम.

आता दोन हजार सोळाचा उन्हाळा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं, आणि नळाला पाणी कधी येईल हे ज्योतिषाला विचारूनही कळत नव्हतं. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता. माणसं हंडे घेऊन टँकरमागं पळत होती, आणि पडेगावात नवीन इमारतींचे स्लॅब मात्र मजल्यावर मजले चढत होते. त्यांच्यासाठी वेगळे टँकर. लग्नं काही थांबली नव्हती. दुष्काळाला लग्नपत्रिका दिसत नसावी. फक्त मंगल कार्यालयांच्या संडासांना कुलपं लागली. पाणी नाही, तर आत जाऊन करणार काय?

बाकीच्या बाया कुरकुरायच्या. गोजरबाई नाही. "मला काय करायचंय संडास? मी उठतच नाय!" त्यासाठी ती आदल्या सांजेपासूनच पाणी तोडायची. घसा सुकला तर चहाचा घोट. अंगात साखर होती, तरी चहा गोडच. नातीनं टोकलं तर म्हणायची, "साखरंचा आजार हाय ना? मंग साखर नाय दिली तर जगंल कसा बिचारा?"

फाल्गुनातच तिला उन्हाळी लागली. लघवीला आग, थेंब थेंब, पुन्हा पुन्हा. तिनं धन्याचं पाणी प्यायलं, बेंबीवर ओला फडका ठेवला आणि कामाला लागली. उन्हाळ्यात उन्हाळी लागायची नाही तर काय हिवाळ्यात? आठवडे गेले. आग गेली नाही, तीही सांगायला गेली नाही. मग ऐन वैशाखात, कावळे झाडाखाली चोची उघडून बसलेले असताना, गोजरबाईला थंडी वाजली. अशी वाजली की दोन गोधड्या आणि वर बद्रीनाथ बसला तरी खाट कडकडा वाजत राहिली.

गल्लीतल्या डॉक्टरनं सुई मारली. सुईवर गोजरबाईचा फार जीव. "गोळी पोटात जाऊन झोपा काढती. सुई कशी टोचल्या टोचल्या कामाला लागती." घाम आला, ताप उतरला, बाई उठून एका साखरपुड्याच्या पोळ्या करून आली. दुसऱ्या दिवशी ताप दामदुपटीनं हजर. कमरेत उजव्या बाजूला कळ, उलट्या, आणि बोलणं असंबद्ध. तेव्हा कुठं बद्रीनाथनं रिक्षा बोलावली.

रिक्षा छावणीकडं निघाली आणि तापानं गोजरबाईचं डोकं लग्नघरात गेलं. समोर बद्रीनाथचं तुळतुळीत टक्कल. ते तिला खापर दिसलं. तापलंय का म्हणून तिनं त्याच्यावर पाण्याचा हात मारला. मग पदराचा गोळा केला, या हातावरून त्या हातावर नाचवला आणि झटका देऊन बद्रीनाथच्या टकलावर पसरला.

"सुटंना!" ती ओरडली. "आवो, जाळ कमी हाय, खापर थंड पडलं!"

"बरं," बद्रीनाथ पदराखालून म्हणाला.

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "बाबा, अम्मा कू पकडके बैठो. मेरे सर पे भी पकाती क्या?"

दवाखान्यात डॉक्टरीण होती, मनस्विनी. वयानं गोजरबाईच्या नातीपेक्षा थोडी मोठी, चेहऱ्यावर झोप अपुरी, पण बोलणं स्वच्छ. तिनं साखर बघितली, कमरेवर हलका हात मारून बघितला, पोटाची सोनोग्राफी केली, लघवी तपासायला पाठवली आणि ताबडतोब डाव्या हाताच्या मनगटावर सलाईनची सुई लावून औषध सुरू केलं. लघवीतले जंतू वाढवून बघितल्याचा निकाल आला, तेव्हा तिनं दोघांना समजावलं.

"आजी, साधी उन्हाळी असती तर गोळ्यांवर भागलं असतं. तुमचं प्रकरण साधं नाही. अंगात साखर आहे, किडनीत खडा आहे. लघवी धरून धरून जंतू वर चढत गेले आणि किडनीत जाऊन बसलेत. त्यांना गोळ्या लागूच पडत नाहीत, तपासणीत तसं दिसलंय. शिरेतूनच औषध द्यायचं. दिवसातून एकदा, दहा दिवस. एकही चुकवायचा नाही."

"खडा?" बद्रीनाथनं विचारलं. "बाहत्तरला खडी फोडताना गेला असंल का तोंडात?"

"तुम्ही गप बसा," गोजरबाई म्हणाली. बरी होत असल्याची ही पहिली खूण.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. चौथ्या दिवशी बाईनं वॉर्डातल्या सगळ्यांच्या सुनांची चौकशी संपवली. आणि तेव्हाच कन्नडहून संस्कृतीचा फोन आला. संस्कृती म्हणजे मोठ्या लेकीची पोरगी, गोजरबाईच्या काळजाचा तुकडा. परवा तिचं लग्न कन्नडला. ती पाळण्यात असतानाच आजीनं बोलून ठेवलं होतं, 'तुझ्या पंगतीला पोळी माझ्या हातची.'

"आज्जी, तू आराम कर," पोरगी म्हणाली. "ह्यांच्या आजी म्हणत होत्या, नसंल जमत तर राहू द्या. शहरात राहून खापर कुठं झेपतंय आता. गुलाबजाम करा म्हणाल्या."

गोजरबाई खाटेवर उठून बसली. "कोण म्हणलं?"

"दगडाबाई. ह्यांच्या आजी. चाळीसगावकडच्या हायेत."

"गुलाबजाम," गोजरबाई म्हणाली. हा शब्द तिनं असा उच्चारला, की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं देवाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, औषधाची वेळ व्हायच्या आत, गोजरबाई पळाली. हातातली सुई पदराखाली, पायात वहाणा उलट-सुलट. फाटकाबाहेर बद्रीनाथ गोणपाटात खापर घेऊन उभाच होता. त्याला घरून आणायला सांगितलं होतं आणि तो "बरं" म्हणाला होता. नगर नाक्यावर कन्नडची यष्टी आली. गोजरबाई चढली, दांडा धरायला हात वर केला आणि पदर घसरला.

कंडक्टर तिकिटाच्या मशीनवरून मान वर करून बघायला लागला. "आजी, दवाखान्यातून पळायलाव काय?"

"नाय बा. बांगडी हाय ती."

"प्लास्टिकची? चिकटपट्टी लावलेली?"

"नवी फॅशन निघाली."

"उतरा. माझ्या गाडीत कोंबडी चालती, बोकड चालतं, सुई टोचलेलं माणूस नाय चालत. घाटात काय झालं तर मी सलाईन धरू का घंटी मारू?"

गाडीत मग सभाच भरली. एक फेटेवाला म्हणाला, अशीच आमची चुलती पळाली होती, चांगली झाली. दुसरा म्हणाला, आमची पळाली होती, तिचा दहावा आम्ही केला. एक बाई म्हणाली, बसू द्या हो म्हातारीला, नातीचं लग्न हाय. ड्रायव्हर गाडी बंद करून मागं वळून बसला, कारण असा मुद्दा कन्नडच्या रस्त्यावर रोज निघत नाही. तेवढ्यात दवाखान्याची आशाबाई सिस्टर स्कुटीवरून धापा टाकत आली आणि खिडकीतून ओरडली, "ओ गोजरआजी! औषध राहिलंय! उतरा खाली!"

"ताप गेला ना माझा! मंग सुई कशाला?"

"ताप गेला, जंतू नाय गेले. आता सोडलं तर रक्तात शिरतील, मंग करा लग्न. नवरीशेजारी तुमचा हार घातलेला फोटू मांडू."

गाडी चिडीचूप झाली. फेटेवाल्यानंही फेटा नीट करायचं निमित्त केलं. गोजरबाई उतरली.

डॉक्टरीण रागावली, पण ओरडली नाही. "आजी, जंतू दमलेत, मेले नाहीत. आता थांबलात तर उरतील ते सगळ्यात कडवे. मग आहे ते औषधही लागू पडणार नाही. मग मी काय देऊ तुम्हाला?"

गोजरबाई खाली बघत होती. साऱ्या वॉर्डाला हसवणारी बाई, तिचा आवाज एवढासा झाला. "बाई, मला मरायचं नाय. पण पोळी करायचीय. नातीच्या पंगतीला. बोलून बसले मी."

मनस्विनीनं तिच्याकडं बघितलं, मग बद्रीनाथच्या काखेतल्या गोणपाटाकडं. "ह्यात काय आहे?"

"खापर," बद्रीनाथ म्हणाला.

"दवाखान्यात खापर?"

"ती न्या म्हणली."

डॉक्टरणीला हसू आलं आणि तिथंच फासा पालटला. औषध दिवसातून एकदाच होतं, ताप नव्हता, तपासण्या सुधारत होत्या. कन्नडला तिच्याबरोबर शिकलेला एक डॉक्टर होता, त्याला फोन झाला. लग्नाच्या दिवशीची सुई तिथं, दुसऱ्या दिवशी परत इथं. पण अटी ऐकताना गोजरबाईचा चेहरा उतरत गेला. डावा हात कणकेत नाही. पाण्यात नाही. जाळाजवळ नाही. घोट घोट पाणी दिवसभर. पुरणाला तोंड नाही.

"आणि लघवी लागली की उठायचं," मनस्विनी म्हणाली. "पंगत बसलेली असू दे, नवरा घोड्यावर असू दे. उठायचं म्हणजे उठायचं."

"आन् पोळी एका हातानं करू?"

"दुसरा हात कुणाचा तरी घ्या."

कन्नडच्या जीपमध्ये गोजरबाई दुसरा हात शोधत बसली. लेक? तिला पोळीपेक्षा मोबाईल जास्त पातळ वाटतो. जाऊ? तिचे हात म्हणजे खुरपी. शेजारीण? ती पोळी करताना डोळे मिटते.

"मी हाय ना," बद्रीनाथ म्हणाला.

गोजरबाई इतकी हसली की जीपवाल्यानं गाडी बाजूला घेतली. "आवो, तुम्ही? तुम्हाला धोतराचा काष्टा एका दमात नाय जमत!"

"बरं," बद्रीनाथ म्हणाला आणि बाहेर बघायला लागला. पण या वेळचं "बरं" जरा निराळं होतं. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली.

लग्नादिवशी कन्नडच्या डॉक्टरनं औषध दिलं, सुईवर नवी पट्टी बांधली. लेकीनं त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि वरून रुखवतातल्या हिरव्या खणाचा तुकडा गुंडाळला. कार्यालयाच्या मागच्या अंगणात चूल मांडली होती. खापर तापलं. गोजरबाई जाळापासून हातभर लांब उभी राहिली, समोर बद्रीनाथ. त्याचा डावा हात, तिचा उजवा. बाया गोळा झाल्या, कारण असलं काही बघायला मिळालं तर लग्न लागलं नाही तरी चालतं.

पहिली पोळी बद्रीनाथच्या खांद्यावर गेली आणि उपरण्यासारखी लोंबली. दुसरी मधोमध फाटली. तिसरी वाऱ्यावर गेली आणि कणीक मळणाऱ्या एका पोरीच्या तोंडावर बसली.

"आवो, बैल हाकायलात का पोळी करायलात?" गोजरबाई कडाडली. "हात सोडा ढिला! ढिला! मनगट मेल्यावानी! जिवंतपणी कधी काम केलं नाय, आता मेल्यावानी तरी करा!"

"तू जरा डावीकडं सर."

"मला शिकवता?"

"तू नेहमी फेकायच्या आधी डावीकडं सरती. आज सरंना गेलीस."

खरंच की. चाळीस वर्षं जाळ सारता सारता हा माणूस तिचे हात बघत बसला होता, आणि तिला वाटत होतं हा जाळ बघतोय. ती डावीकडं सरली. गोळा तिच्या तळव्यावरून त्याच्या तळव्यावर गेला, त्याच्या मनगटावरून तिच्या मनगटावर आला. "हां," ती म्हणाली. "हां," तो म्हणाला. पोळी ताटाएवढी झाली, सुपाएवढी झाली, दोघांच्या मधोमध चांदव्यासारखी लहरली आणि एकाच झटक्यात खापरावर जाऊन बसली. एक सुरकुती होती, पण सुरकुत्या दोघांच्याही तोंडावर होत्या, कोण कुणाला नावं ठेवणार.

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतून दगडाबाई आली. उंच, नाकात मोठी नथ, दातांवर मिश्री, आणि कमरेवर हात. वरपक्षाची आजी.

"ही काय रीत म्हणायची? पोळी हाय का नवरा-बायकूची फुगडी?"

"फुगडीच हाय, विहीणबाई," गोजरबाई तिच्याकडं न बघता म्हणाली. "लांब उभ्या ऱ्हा, नायतर तुम्हालाबी घिरकी बसंल."

दगडाबाईनं खापरावरची पोळी उलथताना बघितली, कडेचा तुकडा मोडला, तोंडात टाकला. चघळला. तिथंच पाट ओढून बसली.

पंगत बसली. पानावर आमरस आला, पोळ्या जाऊ लागल्या, वाढपी पळू लागले. सकाळपासून लेकीनं तांब्यामागून तांब्या पाणी पाजलं होतं, आणि ते पाणी आता हक्क सांगायला लागलं. गोजरबाईनं एक पाय दुसऱ्या पायावर घेतला. अजून पाच-सहा पोळ्या, मग बघू. खापर रुसतं. सारी जिंदगी रुसू दिलं नाही. तिनं दात दाबून गोळा उचलला, आणि उचलताना नजर हिरव्या खणावर गेली. खणाखाली सुई. तिला यष्टीतली ती चिडीचूप शांतता आठवली.

तिनं गोळा परातीत ठेवला. "मी आले."

"अगं माय!" दगडाबाई उठली. "पंगत बसलीया, खापर लालबुंद, आन् तुम्ही कुठं निघाल्या?"

"मुतायला!" गोजरबाई म्हणाली. आवाज खणखणीत. सनईवाल्याचा सूर मधेच तुटला, आणि पंगतीत बसलेल्या संस्कृतीनं ओठ दाबून नवऱ्याच्या खांद्यामागं तोंड लपवलं.

संडासाला कुलूप. कुलपाशेजारी स्टुलावर कार्यालयाचा राखणदार कचरू.

"किल्ली दे."

"पाणी नाय मावशी. मालकाचा हुकूम हाय."

"मंग आतापर्यंत लोकं कुठं गेली?"

"गडी माणसं मागं भिंतीला. बायांचं..." कचरू डोकं खाजवायला लागला. "बायांचं मी कधी इचारलं नाय."

"बायांचं मी सांगते." तिनं खण सोडला, पिशवी काढली, हात त्याच्या नाकापुढं धरला. "हे बघ. अशा कुलपांनी ही सुई लागली मला. जंतू पार गुरद्यात गेले. डाक्टरीणबाईनं सांगितलंय, नवरा घोड्यावर असला तरी उठायचं. तुझा मालक घोड्यावर हाय का?"

"नाय."

"मंग उघड. आन् टँकरची बादली आण."

कुलूप उघडलं. गोजरबाईनं मागं वळून बघितलं तर बायांची रांगच लागलेली. काकवा, माम्या, करवल्या, कणीक मळणाऱ्या पोरी, पैठणी सावरत उभी असलेली नवरीची आई. सकाळपासून सगळ्या जणी दाबून बसल्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण एकट्याच. आता सगळ्याच हसत सुटल्या, आणि हसल्यामुळं आणखी पंचाईत व्हायला लागली. "हसवू नका गं, हसवू नका!" असा एकच कालवा. तेवढ्यात रांगेच्या शेवटून दगडाबाई पुढं आली. नथ थरथरत होती.

"वरपक्षाचा मान पहिला," ती म्हणाली.

गोजरबाईनं दाराकडं हात केला. "या विहीणबाई. आधी तुम्ही. मानपान राहिलं म्हणून पुढं बोल लावू नका."

दगडाबाई आत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा मोकळा झाला होता, की कुणी तरी म्हणालं, हिचं स्वतःचं लग्न लागल्यापासून आज पहिल्यांदा हसली ही.

तिकडं चुलीपुढं बद्रीनाथ एकटा. जाळ भडकलेला, वाढपी दारात उभा, "पोळी! पोळी!" करत. दुसरा हात गेलेला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, देवाचं नाव घेतलं आणि गोळा उचलला. पोळी वाढली, डुलली, गेली. खापरावर पडली ती अशी, की एखाद्या तालुक्याचा नकाशा, मधोमध तळं. ती नेमकी नवऱ्या मुलाच्या पानावर गेली.

"हे भोक कामून हाय?" नवरा मुलगा म्हणाला.

"तूप जायला," बद्रीनाथ म्हणाला.

हे उत्तर पंगतीत पसरलं आणि पुढच्या पानावरचा माणूस म्हणाला, मलाबी भोकाचीच पाहिजे. गोजरबाई हात धुऊन परत आली तेव्हा वाढपी ओरडत होता, "चार भोकाच्या!" आणि तिचा नवरा घामानं निथळत, उपरणं कानाला बांधून, पोळ्यांना भोकं पाडत होता. खापरावरून पोळ्या सुटत होत्या. एकसुद्धा चिकटली नव्हती.

"काय चाललंय हे?" तिनं विचारलं.

"बरं चाललंय," बद्रीनाथ म्हणाला.

ती समोर उभी राहिली. हात पुढं केला. त्या दिवशी गोजरबाई पंगतीतून आणखी तीनदा उठली, आणि प्रत्येक वेळी तिच्यामागं कुणी ना कुणी उठलंच.

शेवटच्या औषधाच्या दिवशी सकाळी दवाखान्यात आशाबाईनं सुई काढली, कापूस दाबून धरला. लघवीची तपासणी स्वच्छ आली होती. खडा बारीक होता, त्याचं पुढं बघायचं होतं. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या, चहा फिका झाला आणि त्याबद्दल गोजरबाईनं साऱ्या वॉर्डापुढं दुखवटा पाळला.

डॉक्टरीण राउंडला आली. "काय आजी, झाल्या का पोळ्या? एका हातानं कशा केल्या?"

"सांगून कळायचं नाय," गोजरबाई म्हणाली. "आवो, उठा."

तिनं खाटेवरची चादर ओढली, तिचा गोळा केला. बद्रीनाथ समोर उभा राहिला. आता तिचे दोन्ही हात मोकळे होते, तरी डावा तिनं कमरेवर ठेवला आणि उजवाच पुढं केला. "हां," ती म्हणाली. "हां," तो म्हणाला. चादर उलगडली, वाढली, खाटांच्या मधून लहरत गेली. सलाईन लावलेली माणसं माना उंचावून बघायला लागली, कुणी तरी बोटांनी खाटेच्या दांड्यावर ताल धरला.

"ओ आजी! सरकारी नाय, पण दवाखान्याची हाय ती! फाटंल!" आशाबाई ओरडली.

"फाटू द्या सिस्टर," बद्रीनाथ चादर झेलत म्हणाला. "म्हणू, भोक हवा जायला ठेवलं."